धुराचा सराफ

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास फुटपाथवर परदेशी अत्तरे मांडून बसणारे विक्रेते पुष्कळांनी पाहिले असतील. त्या मांडणीत एक निळी बाटली हमखास असते आणि तिच्यावर डेव्हिडॉफ हे नाव असते. मोठ्या दुकानात जिच्यासाठी काही हजार मोजावे लागतात ती बाटली इथे दोन-तीनशे रुपयांत मिळते. आत काय असणार हे देणाराही जाणतो आणि घेणाराही. तरी व्यवहार होतो, कारण घेणाऱ्याला हवे असते ते नाव. ज्याचे हे नाव, त्या माणसाविषयी मात्र आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते. झिनो डेव्हिडॉफ हा जिनिव्हा शहरातला तंबाखूचा दुकानदार. सिगार हातात घेऊन तिची जात सांगणारा पारखी म्हणून तो युरोपभर ओळखला जाई. १९९४ साली तो वारला. आपल्याच नावाचा माल खरा मानायचा की नाही, असा प्रश्न त्याच्यापुढे हयातीतच उभा राहिला. त्या प्रश्नापायीच ही सगळी गोष्ट मला सांगावीशी वाटते.

सिगारशी माझा संबंध यावा असे वास्तविक काही कारण नाही. मी रहिमतपूरचा. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातले हे गाव, पुणे-मिरज लोहमार्गावरचे स्टेशन, आणि आदिलशाहीतल्या रणदुल्लाखानाच्या कबरीमुळे इतिहासाच्या पुस्तकांत नाव मिळालेले. पेठेत आमचे पान-तंबाखूचे छोटे दुकान होते. दुकानात माल येई तो निपाणीचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, पोत्यातले पान हातात घेत, उजेडात धरून त्यावरचे ठिपके पाहत, चिमटीत चुरडून नाकाशी नेत आणि मग भाव बोलत. पावती, शिक्का, व्यापाऱ्याचा शब्द या सगळ्या गोष्टी त्यानंतर. विड्यांच्या बाबतीत तर हे फारच जरुरीचे असे. एका नामांकित विडीची नक्कल आमच्या भागात वरचेवर येई. वरचा कागद हुबेहूब, किंबहुना खऱ्याहून जरा जास्तच झळझळीत. अण्णा कागदाकडे बघतही नसत. ते दोऱ्याचा रंग बघत, टेंभुर्णीच्या पानाचा काप बघत, विडीचे तोंड कसे दुमडले आहे ते बघत, आणि बंडल मोजत. पंचवीसच्या जागी चोवीस निघाल्या की पुढचे काही बघायची गरज उरत नसे.

मी स्वतः तंबाखूला शिवत नाही. माझे थोरले काका जिभेच्या कर्करोगाने गेले, त्यामुळे दुकानात बसूनही घरात ती बंदी कडक होती. तंबाखूची भलामण करण्याचा माझा हेतू नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण पारख ही गोष्ट मला लहानपणापासून वेधून घेत आली, आणि डेव्हिडॉफच्या चरित्रात ती जशी दिसते तशी फार थोड्या ठिकाणी दिसते.

त्यातून आमच्या मुलखाचा आणि या पानाचा ऋणानुबंध जुना आहे. अमेरिकेतले हे रोप पोर्तुगीजांनी पश्चिम किनाऱ्यावर आणले आणि तिथून ते विजापुरात रुजले. अकबराचा वकील असद बेग १६०४ च्या सुमारास विजापूरला गेला होता. त्याला ही नवलाई तिथे दिसली आणि त्याने ती रत्नजडित चिलमीसह आग्र्याला बादशहापुढे ठेवली. अकबराने दोन-चार झुरके घेतले, हकिमाने हरकत घेतली, दरबारात वाद झाला. रहिमतपूर त्या काळी आदिलशाहीच्याच मुलखात होते. म्हणजे दिल्लीच्या बादशहांना जे ठाऊक नव्हते ते आमच्या बाजूला कदाचित आधी पोचले असेल! असो.

झिनोचा जन्म १९०६ सालचा, आजच्या युक्रेनमधला. तेव्हा तो प्रदेश झारच्या साम्राज्यात होता. घराणे ज्यू, धंदा तंबाखूचा. त्या काळी तिथे ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले होत, घरेदारे लुटली जात. १९११ साली हे कुटुंब देश सोडून स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाला आले आणि तिथे त्यांनी तंबाखूचे दुकान थाटले. वडील पाने मिसळून सिगारेटी बनवत आणि पाच वर्षांचा झिनो ते बघत मोठा झाला.

या दुकानाची एक गोष्ट झिनो आयुष्यभर रंगवून सांगे. रशियातून परागंदा झालेले क्रांतिकारक तिथे येऊन बसत, त्यांत लेनिनही होता, आणि तो पैसे न देताच गेला, अशी ती गोष्ट. तिला मी अण्णांच्या पद्धतीने जरा उजेडात धरून पाहिले. डेव्हिडॉफ कुटुंब जिनिव्हात आले तेव्हा लेनिन पॅरिसमध्ये राहत होता. पुढे १९१४ ते १९१७ या काळात तो स्वित्झर्लंडमध्ये होता खरा, पण त्याचे बिऱ्हाड बर्न आणि झुरिकमध्ये होते. जिनिव्हाला त्याच्या फेऱ्या होत असतील, तेव्हा गोष्ट अशक्य म्हणता येत नाही. पण तिला आधार सांगणाऱ्याच्या तोंडाचाच, आणि सांगणारा दुकानदार. चांगल्या दुकानदाराला मालाबरोबर गोष्टही द्यावी लागते. गोष्ट गोड आहे म्हणून माल चोख आहे असे धरून चालू नये, एवढे गिऱ्हाइकाने लक्षात ठेवले की पुरे.

शाळा संपल्यावर, १९२४ साली, वडिलांनी मुलाला दक्षिण अमेरिकेला धाडले. अर्जेंटिना, ब्राझील असे करत तो क्यूबात पोचला आणि तिथे तंबाखूच्या मळ्यात त्याने सुमारे दोन वर्षे काम केले. त्याच्या पुढच्या साऱ्या आयुष्याचा पाया हीच दोन वर्षे होत.

सिगार कशी होते हे थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर तिची नक्कल कशी ओळखायची हे कळणार नाही. क्यूबाच्या पश्चिम टोकाला पिनार देल रिओ हा प्रांत आहे, त्यातला वुएल्ता आबाहो हा पट्टा तंबाखूसाठी जगात पहिला मानतात. आतल्या भरणाची पाने उन्हात वाढतात. बाहेरून गुंडाळायचे पान मात्र पातळ, रेशमासारखे आणि डागाशिवाय हवे, म्हणून ते रोप मोठ्या पडद्यांखाली सावलीत वाढवतात. पाने वाळवून त्यांचे ढीग लावतात. ढिगात ऊब धरते, पान मुरते, त्यातला अमोनियाचा उग्र वास निघून जातो. मुरवणे आणि मुरू देणे यांत महिने, चांगल्या पानाला वर्षेही जातात. मग कारखान्यात कारागीर दोन-तीन जातींची अखंड पाने घडी घालून एकत्र करतो, त्यावर बांधणीचे पान, त्यावर ते रेशमी पान, आणि शेवटी ओठात धरायच्या टोकाला पानाच्याच तुकड्यांची छोटी टोपी. क्यूबाच्या कारागिराच्या टोपीवर एकावर एक तीन फेरे बारकाईने पाहिल्यास दिसतात. हे काम चालू असताना उंच आसनावर बसून एक माणूस सगळ्यांना वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या वाचून दाखवतो. एकोणिसाव्या शतकात सुरू झालेली ही प्रथा अजूनही आहे. मोंतेक्रिस्तो हे सिगारचे प्रसिद्ध नाव ड्यूमाच्या कादंबरीवरून पडले ते यामुळेच. आपल्याकडे विड्या वळणाऱ्या बायकांना कुणी ह. ना. आपटे वाचून दाखवले असते तर, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

१९३० च्या सुमारास झिनो परतला आणि वडिलांच्या दुकानात त्याने सिगारचा विभाग सुरू केला. क्यूबाची हवा दमट आणि उबदार, जिनिव्हाचा हिवाळा कोरडा. पान कोरडे पडले की तडकते, त्यातली तेले उडतात, धूर कडू होतो. जास्त ओल झाली की बुरशी धरते. शंभरात सत्तरच्या आसपास आर्द्रता हवी. त्याने दुकानाखालच्या तळघरात कृत्रिमरीत्या अशी हवा राखली आणि सिगारी तिथे वाइनसारख्या मुरत ठेवल्या. आमच्याकडे अडचण नेमकी उलटी होती. जून लागला की अण्णा तंबाखू पत्र्याच्या डब्यांत बंद करत आणि भुंगा लागला का ते दर आठ दिवसांनी उघडून पाहत. तंबाखूचा भुंगा जिनिव्हात काय आणि रहिमतपुरात काय, एकच. तो पानाला सुईसारखी बारीक भोके पाडतो आणि त्याला नावाची पर्वा नसते.

दुसऱ्या महायुद्धात स्वित्झर्लंड तटस्थ राहिले आणि तिथे पैसा वाहत आला. डेव्हिडॉफचे दुकान त्याच काळात मोठे झाले. युद्धानंतर त्याने ओयो दे मोंतेरे या क्यूबातल्या जुन्या कारखान्याकडून खास आपल्यासाठी सिगारी करवून घेतल्या आणि त्यांना फ्रान्समधल्या नामांकित वाइनांची नावे दिली, शातो मार्गो, शातो लाफीत, शातो लातूर. वाइन पिणारा आणि सिगार ओढणारा गिऱ्हाईक एकच आहे, हे त्याने हेरले होते. तेव्हाच्या युरोपातले राजे, मंत्री, नट त्याच्या दुकानात येऊ लागले आणि तो त्यांना सिगार कशी कापावी, कशी पेटवावी, किती ओढून टाकून द्यावी हे शिकवू लागला. १९६७ साली त्याने यावर फ्रेंचमध्ये पुस्तक लिहिले. या भागात मी फार रमत नाही. श्रीमंतांच्या सवयींचे पुस्तक कुणी ना कुणी लिहीतच असतो.

खरी उलथापालथ क्यूबात झाली. १९५९ च्या जानेवारीत फिडेल कॅस्ट्रोचे सैन्य हवानात शिरले. १९६० च्या सप्टेंबरात सरकारने सिगारचे कारखाने ताब्यात घेतले. जुने मालक देश सोडून गेले आणि जाताना त्यांनी जे उचलून नेता येण्यासारखे होते तेवढे नेले, म्हणजे नाव. काहींनी पुढे डॉमिनिकन रिपब्लिकसारख्या देशांत त्याच नावाने माल काढला. आजही पार्तागास नावाची सिगार दोन ठिकाणी बनते. एक हवानाची, सरकारी. दुसरी डॉमिनिकन रिपब्लिकमधली, अमेरिकेत विकली जाणारी. दोन्हींना आपापल्या बाजारात कायद्याचा आधार आहे. खोटी कुठली म्हणाल? नव्या सरकारने तर काही काळ सगळी जुनी नावे मोडीत काढून सिबोनी या एकाच नावाखाली साऱ्या सिगारी विकायचा प्रयोग केला. परदेशातल्या गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली आणि जुनी नावे परत आणावी लागली. समतेच्या राज्यालाही पेठेतला कायदा मोडता आला नाही.

फेब्रुवारी १९६२ मध्ये अमेरिकेने क्यूबाशी व्यापार बंद केला. त्या हुकमावर सही करण्याआधी अध्यक्ष केनेडींनी आपला सहकारी पिअर सॅलिंजर याला रातोरात क्यूबाच्या सिगारी गोळा करायला पाठवले. बाराशे मिळाल्यावर मग सही झाली. सॅलिंजरने स्वतःच हे सांगून ठेवले आहे. जगातल्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाला एखादी वस्तू कायद्याने मिळेनाशी झाली की नक्कल करणाऱ्यांचे काय भले होते, हे वेगळे सांगायला नको. ज्याने खरी कधी पाहिलीच नाही त्याला खोटी ओळखता येत नाही, आणि चोरून घेतलेल्या मालाबद्दल तक्रार कुठे करणार?

हवानाच्या सरकारला युरोपात इभ्रत हवी होती. त्यांनी डेव्हिडॉफला स्वतःच्या नावाची सिगार देऊ केली. साठीच्या दशकाच्या अखेरीस ती बाजारात आली. पांढऱ्या पट्टीवर सोनेरी अक्षरांत नाव, याहून जास्त नक्षी नाही. हवानाच्या उपनगरात एल लागितो नावाची एक जुनी हवेली होती, तिथे बायका सिगारी वळत. कॅस्ट्रोसाठी बनणारी कोहिबा तिथली आणि डेव्हिडॉफही तिथलीच. ज्याच्या आईबापांनी जिवाच्या भीतीने देश सोडला त्या दुकानदाराचे नाव आता जगातल्या सर्वांत महाग सिगारींवर आले होते.

आणि १९७० साली त्याने ते विकले. बाझेल इथली ओटिंगर ही तंबाखूची व्यापारी पेढी होती, अर्न्स्ट श्नायडर हा तिचा प्रमुख. त्याने दुकान घेतले, नाव घेतले आणि झिनोला त्या नावाचा चेहरा म्हणून सोबत ठेवले. चौसष्टाव्या वर्षी माणूस निवृत्तीचा विचार करतो, तेव्हा यात गैर काही नव्हते. पण यापुढे डेव्हिडॉफ हे नाव झिनोच्या मर्जीने चालणार नव्हते. त्यानंतरच्या वर्षांत ते सिगारेटींवर आले, पेनांवर आले, कॉफीवर आले, आणि १९८८ साली त्या निळ्या बाटलीवर.

आता पारखेविषयी. १९९६ साली आमच्याकडचा एक तरुण, मालवाहू बोटीवर नोकरीला होता, तो सुट्टीवर येताना सिगारींचे एक खोके घेऊन आला. साहेबांना भेट द्यायची होती. एका बंदरावर स्वस्तात मिळाले, विकणाऱ्याचा चुलतभाऊ कारखान्यात आहे, असे तो सांगत होता. खोक्यावर कोहिबा नाव होते आणि झाकण काचेचे. अण्णांनी जन्मात सिगार पाहिलेली नव्हती. त्यांनी खोके न उघडता काचेतून पाहिले आणि विचारले, या सगळ्या एकाच खोक्यातल्या ना, मग रंग वेगवेगळे कसे?

हा त्यांचा प्रश्न नेमका डेव्हिडॉफच्या दुकानातला होता. हवानाच्या कारखान्यात सिगारी तयार झाल्यावर एक माणूस केवळ रंग लावण्याचे काम करतो. पानाच्या डझनावारी छटा त्याला ओळखू येतात. एका खोक्यात एकाच रंगाच्या सिगारी जातात आणि त्यातही गडद डावीकडे, फिकी उजवीकडे अशी चढउतार लावलेली असते. कागदी पट्ट्या एका रेषेत, सगळ्यांची तोंडे समोर. लांबी-जाडी सारखी. आमच्या त्या खोक्यात एक पट्टी वर, एक खाली, आणि पट्टीवरच्या पांढऱ्या ठिपक्यांची रांग काठावर अर्धी कापली गेलेली. काचेचे झाकण तर हवानाच्या नेहमीच्या खोक्यांना नसतेच. पर्यटकाला माल बाहेरूनच दिसावा म्हणून नक्कल करणाऱ्यांनी काढलेली ती युक्ती आहे. चुलतभावाचे तर बोलायलाच नको. हवानाच्या रस्त्यावर भेटणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याचा कुणीतरी भाऊ कारखान्यात असतो, अशी तिथे गेलेल्या माणसांची साक्ष आहे.

मग अण्णांनी एक सिगार हातात घेतली, दोन बोटांत हलकेच दाबत टोकापासून टोकापर्यंत नेली. मध्ये एक जागा पोकळ, एक जागा खड्यासारखी टणक. पेटवायचे टोक वळवून पाहिले. चांगल्या सिगारच्या त्या टोकाला घड्या घातलेली अखंड पाने दिसतात, पुस्तक मिटल्यावर कडेने पाने दिसावीत तशी. इथे नुसता भुसा. वास घेतला तर कच्च्या पानाचा, डोळ्यांत जाणारा. शेवटी पोराची परवानगी घेऊन त्यांनी ती एक सिगार चाकूने उभी चिरली. कागदावर चुरा पडला, देठांचे तुकडे पडले. आमच्या दुकानात तो माल झाडून बाहेर टाकत असत.

घेण्याआधी सिगार चिरून पाहता येत नाही, ही गोष्ट खरी. पण खोके पाहता येते. खऱ्या हवाना खोक्यावर सरकारी हमीची हिरवट कागदी मोहोर असते. ही पद्धत क्यूबा स्पेनच्या ताब्यात असल्यापासूनची, १८८९ सालची. १९९९ मध्ये तिच्यावर क्रमांक आला, २०१० च्या सुमारास तिरपे धरल्यावर चमकणारे चित्र आणि पट्ट्यांचा संकेत आला. खोक्याच्या तळाला तापलेल्या लोखंडाने उमटवलेली अक्षरे असतात. ती बोटाला लागली पाहिजेत, छापलेली असतील तर खोके खाली ठेवावे. १९८९ पासून तिथे संपूर्ण हाताने केल्याचा स्पॅनिश उल्लेख असतो. खोके भरल्याचा महिना आणि वर्षही शिक्क्याने दिलेले असते. यातले प्रत्येक चिन्ह नक्कल करता येते, आणि केलेही जाते. पण नक्कल करणारा सहसा आजचे खोके समोर ठेवून करतो, आणि जुन्या सालाच्या शिक्क्याखाली नव्या काळाची खूण लावून बसतो. आपल्याकडे घेताना आणखी एक सोपी खूण आहे. भारतात कायद्याने आलेल्या तंबाखूच्या कोणत्याही खोक्यावर चित्ररूप इशारा असावाच लागतो. तो नसेल तर माल खरा असला तरी चोरवाटेचा आहे, आणि चोरवाटेच्या मालाची हमी कुणीच घेत नाही. भावाचे तर विचारूच नका. साखळीतल्या प्रत्येकाला ज्या मालाची किंमत ठाऊक आहे, तो तुम्हा-आम्हालाच चौथाई दरात का मिळावा?

इथवरची पारख ही नकली मालाची झाली. डेव्हिडॉफवर प्रसंग आला तो याहून अवघड. ऐंशीच्या दशकात हवानाहून येणाऱ्या त्याच्या नावाच्या सिगारी बिघडू लागल्या. खोके खरे, मोहोर खरी, पट्टी खरी, वळणारा हात एल लागितोचा. पण धूर नीट ओढला जाईना, पान कच्चे, भरण असमान. क्यूबाची बाजूही होती. १९७९-८० मध्ये निळ्या बुरशीने त्यांचे पीक जवळपास बुडाले होते आणि मागणी तर वाढतच होती. जुने मुरलेले पान संपले की कारखाना काय वळणार? क्युबाताबाको ही तिथली सरकारी संस्था आणि बाझेलची पेढी यांच्यात तंटा सुरू झाला. तो केवळ दर्जाचा नव्हता, नावावर हक्क कुणाचा हाही होता.

ऑगस्ट १९८९ मध्ये झिनोने लाखाहून अधिक सिगारी जाहीरपणे जाळल्या. त्याचे वय तेव्हा त्र्याऐंशी.

या जाळण्याकडे मी बऱ्याच बाजूंनी पाहिले आहे. त्यात जाहिरात होती, हे उघड आहे. व्यापारी कंपनीला क्यूबातून बाहेर पडायचेच होते. क्यूबाचा माल घेतल्यामुळे अमेरिकेची मोठी बाजारपेठ त्यांना बंद होती, आणि दुसऱ्या देशात गेले की ती उघडणार होती. नावही आता झिनोचे राहिलेले नव्हते, तेव्हा नुकसान दुसऱ्याचे आणि वाहवा आपली, असेही कुणी म्हणेल. हे सगळे मान्य केले तरी एक गोष्ट उरते. त्या सिगारी विकता आल्या असत्या. त्या कायद्याने, मोहोरेने, नावाने अस्सल होत्या, आणि शंभरांतल्या नव्वद गिऱ्हाइकांनी पट्टीवरचे नाव वाचून निमूट पैसे मोजले असते. त्यांतला दोष ओळखणारे लोक मोजकेच, त्यांत हा म्हातारा एक. खोटा माल ओळखून बाजूला काढणे हा सराफाचा रोजचा धंदा आहे. आपल्याच टांकसाळीचे नाणे हिणकस निघाले म्हणून ते आटवायला काढणारा सराफ मात्र मी दुसरा ऐकलेला नाही. अण्णांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, की त्या आगीचा वास कसा आला असेल. त्याचे उत्तर मला कुठल्या पुस्तकात मिळाले नाही.

पुढे सारे झपाट्याने झाले. क्यूबाशी करार संपला. १९९० पासून डेव्हिडॉफची सिगार डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये बनू लागली. हेंड्रिक केलनर या डच घराण्यातल्या तज्ज्ञाने तिची मिसळण बसवली. चव वेगळी, सौम्य. हवानाचे जुने भक्त हिरमुसले आणि अमेरिकेत नवे गिऱ्हाईक मिळाले. पट्टी तीच राहिली, पांढरी, सोनेरी अक्षरांची. हवानातून आलेला उरलासुरला साठा १९९१ पर्यंत विकून संपला. झिनो जिनिव्हातल्या रू द रिव्ह रस्त्यावरच्या आपल्या जुन्या दुकानात येत राहिला. ते दुकान आता त्याचे नव्हते, पण तिथे त्याला पाहायला लोक येत. १४ जानेवारी १९९४ रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, तो वारला. त्याच सुमारास अमेरिकेत सिगारची लाट उसळली आणि नकली हवानांचा नुसता पूर आला.

क्यूबात बनलेली डेव्हिडॉफ आता नवी कुठेच मिळत नाही. जी आहे ती जुन्या संग्रहांतली, लंडनच्या लिलावांत अधूनमधून येणारी, आणि तिचे भाव ऐकून आपल्यासारख्याने कानांवर हात ठेवावेत. तिची नक्कल होणे ओघानेच आले. ती ओळखायला नाकाची गरज नाही, सालावळी पाठ असली की झाले. खोके उलटे करून तळ पाहावा. क्युबाताबाकोची खूण असेल तर पुढची तपासणी करावी. तिथे हाबानोस एस. ए. असे उमटवलेले असेल तर मात्र पैसे खिशातच ठेवावेत. ती कंपनी १९९४ साली निघाली, आणि त्याआधीच हवानात झिनोच्या नावाची शेवटची सिगार वळून झाली होती.